जगाचा शेवट कुणाचा?

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, बीगल सामुद्रधुनीच्या काठी उशुआया नावाचे शहर आहे. तिएरा देल फुएगो प्रांताची ही राजधानी. तेथे जाणाऱ्या प्रवाशाला 'जगाचा शेवट' अशी पाटी दिसते आणि तो तिच्यापुढे उभा राहून छायाचित्र काढून घेतो. पण हा शेवट कुणाच्या जगाचा? शहराला ज्यांच्या भाषेतून नाव मिळाले त्या यागान लोकांचे जग तेथे संपत नव्हते. ते तेथेच होते.

हजारो वर्षे हे लोक सालीच्या होड्यांतून या थंड पाण्यावर वावरले. होडीतही ते विस्तव पेटता ठेवत. १८३३ साली चार्ल्स डार्विन या खाडीत आला. यागानांच्या बोलण्याला भाषा म्हणावे की नाही, याचीच त्याला शंका वाटली. पुढे थॉमस ब्रिजेस या इंग्रज मिशनऱ्याने त्याच भाषेचा कोश केला. त्यात सुमारे ३२,००० शब्द भरले! उणीव यागानांच्या जिभेत नव्हती, ऐकणाऱ्याच्या कानात होती.

१२ ऑक्टोबर १८८४ रोजी लासेरे या अधिकाऱ्याने मिशनच्या वस्तीजवळ अर्जेंटिनाचा झेंडा उभारला. शहराचा स्थापनादिन तो हाच. त्याच सुमारास गोवराची साथ आली. १८८४ मध्ये सुमारे १,००० असलेले यागान दोन वर्षांत ४०० च्या आसपास उरले. १८८६ साली सरकारने जमीन दिली ती ब्रिजेसला. ज्यांची ती भूमी, ते तिच्यावर मजूर झाले. शब्द कोशात गेले आणि जमीन कागदावर गेली.

आता राजधानी वसवायची कुणी? एवढ्या दूर, बर्फात, आपखुशीने कोण येणार? सरकारने कैदी आणले. १८९६ पासून ते येऊ लागले. १९०२ साली तुरुंगाचे बांधकाम सुरू झाले, आणि तेही कैद्यांच्याच हातांनी. १९२० पर्यंत पाच इमारती व ३८० कोठड्या उभ्या राहिल्या. आपल्याकडचे अंदमान ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. अट्टल गुन्हेगारांबरोबर राजकीय कैदीही येथे होते. अराजकवादी सिमोन रादोवित्स्की यांना १९३० पर्यंत येथे डांबून ठेवले होते. कैद्यांनी जंगल तोडले, चिमुकल्या आगगाडीने लाकूड वाहिले, रस्ते केले, गावाला वीज दिली, भाकरी भाजून दिली. १९४७ साली पेरोन सरकारने तुरुंग बंद केला. आज तेथे संग्रहालय आहे, आणि १९९४ पासून त्या जुन्या वाटेवर प्रवाशांसाठी गाडी धावते. ज्या वाटेवर घाम गाळला गेला, तिचेच तिकीट विकले जाते.

१९७२ च्या कायद्याने या भागाला करसवलती मिळाल्या. विजेच्या उपकरणांच्या जुळणीचे कारखाने निघाले. उत्तरेकडून कामकरी आले. १९९० साली तिएरा देल फुएगो प्रांत झाला. पाच-सहा हजारांचे गाव अर्ध्या शतकात ऐंशी हजारांच्या घरात गेले. परंतु ज्यांना भाडे परवडत नाही, त्यांची घरे आजही डोंगरउतारावरच्या झाडीत, विनापरवाना उभी आहेत. शहर बांधणाराला शहरात जागा नाही, ही जुनीच गोष्ट.

सामुद्रधुनीपलीकडे चिलीच्या नवारिनो बेटावर नौदलाचे ठाणे आहे. त्याच्या कडेला यागानांना वसवलेली उकिका ही वस्ती. गावकूस नसले, तरी गावकुसाबाहेरच म्हणायची. तेथे राहणाऱ्या क्रिस्तिना काल्देरोन या यागान भाषा जन्मापासून बोलणाऱ्या अखेरच्या व्यक्ती. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या गेल्या. जाण्यापूर्वी नातीला हाताशी धरून त्यांनी आपले शब्द आणि कथा लिहवून घेतल्या. या वेळी नोंद करणारे हात परक्याचे नव्हते.

यागान संपले, असे अनेकदा लिहिले गेले. त्यांचे वंशज मात्र दोन्ही किनाऱ्यांवर आहेत आणि आपण आहोत असे सांगत आहेत. शहराचा इतिहास झेंडा लावल्या दिवसापासून मोजायचा की होडीतल्या विस्तवापासून, हा प्रश्न त्यांनी विचारला आहे. तो केवळ उशुआयाचा नाही.