ढोल कुणाच्या हुकमानं?

१९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. नाव घेतलं, पण त्या काळ्या माणसांचं वाजवणं आपल्यातल्या किती जणांनी ऐकलं?

१७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलाम ढोल वाजवत बंडाला उठले. लगेच १७४० त गोऱ्यांनी कायदा करून गुलामांचे ढोल बंद केले. ढोल म्हंजे निरोप, ढोल म्हंजे जमाव, हे मालकाला पक्कं कळलेलं.

आपल्याकडं उलटं. इथं वाजवायचीच सक्ती. दवंडी पिटणं हे महाराचं गावकाम. राजापूर तालुक्यात माझा पणजा शिमग्याला पालखीपुढं ढोल बडवायचा. ढोल देवाला चालायचा, पणजा चालायचा नाही. १९२७ साली महाडात बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस, शिळे तुकडे सोडा म्हणून सांगितलं. ते वारं आमच्या वाडीपर्यंत आलं. पणज्यानं मांस सोडलं, मग ढोलही खाली ठेवला. १९५८ च्या कायद्यानं महारवतनही गेलं. त्यांचं बंड ढोल उचलण्यात, आपलं ठेवण्यात.

आता त्याच गुलामांच्या वारसांची एक तबकडी घ्या. २२ फेब्रुवारी १९६७, न्यू जर्सी. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, ड्रमवर रशीद अली. दोघंच. पियानो नाही, बास नाही. बांधलेली चाल जराशी, बाकी सगळं तिथल्या तिथं. कोल्ट्रेन आधी घंट्या खुळखुळवतो, मग फुंकतो. तुकड्यांना नावं ग्रहांची : मंगळ, शुक्र, गुरू, शनी. जुलैत कोल्ट्रेन वारला, अवघा चाळीस वर्षांचा. तबकडी निघाली १९७४ त, 'इंटरस्टेलर स्पेस' नावानं.

सॅक्सोफोन सनईसारखाच पत्तीवर बोलतो. सनईची पत्ती दुहेरी, याची एकेरी. म्हंजे जोडी आपल्या ओळखीचीच. पण वरातीत ढोल सनईच्या मागनं चालतो. इथं अली कुणासाठी ठेका धरून बसत नाही. दोघं शेजारी शेजारी धावतात, भांडतात, एकमेकाला वाट देतात. गिरणीत मी साच्यावर उभा असतो. साच्याचा ठोका मालकाच्या हिशेबाचा. अलीचा ठोका कुणाच्या हिशेबात बसत नाही.

काही दोस्त म्हणतात, ढोल म्हंजे गुलामी, हात लावू नका. पणज्याचं बरोबरच होतं, हुकूम टाकायचा तर ढोल टाकावाच लागला. आता हुकूम नाही. पणतवानं ढोल उचलावा, आपल्या वाडीत, आपल्या मर्जीनं. पालखीपुढं मात्र नाही.