निसर्ग वादळ: नावापासून किनाऱ्यापर्यंत एक दिवस

सोलापूरला समुद्र नाही, म्हणून वादळ आपल्याला लांबचं वाटतं. पण ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या डिप्रेशननेच भीमेला पूर आला होता, हे पंढरपूरकर विसरलेले नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये कोकणात आलेलं ‘निसर्ग’ वेगळ्या कारणासाठी अभ्यासावं लागतं. त्याने वेळच फार थोडा दिला.

१ जूनला अरबी समुद्रात डिप्रेशन तयार झालं. २ जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ होऊन नाव मिळालं. ३ जूनला सकाळी ते ‘तीव्र’ झालेलं होतं आणि दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वारा ताशी ११० ते १२० किमी.

मग हवामान खात्याने ते पाहिलं कशाने? समुद्रात असताना उपग्रहाच्या चित्रांतून. ढगांची गुंडाळी किती घट्ट आहे, यावरून ताकद ठरवायची ही पद्धत अमेरिकेच्या व्हर्नन ड्व्होरॅक यांनी १९७० च्या दशकात बसवली. किनारा जवळ आल्यावर डॉप्लर रडार कामाला येतं. वाट बऱ्यापैकी सांगता येते. ताकद किती लवकर वाढेल हे मात्र अजूनही अवघड, कारण ते खालच्या पाण्याची उष्णता आणि वरचे वारे ठरवतात.

इशारा मिळाल्यामुळे कोरोनाच्या काळातही हजारो माणसं सुरक्षित जागी गेली. श्रीवर्धन, दापोलीकडच्या नारळ-सुपारीच्या बागा कोण हलवणार? त्या आडव्या झाल्या, आणि नवी सुपारी धरायला वर्षं लागतात. होड्या वर ओढायला, पत्रे बांधायला मिळणारा एकेक तास म्हणून मोलाचा. तो तास ताकदीच्या चांगल्या अंदाजातूनच मिळणार आहे.