दगडातली करुणा : कान्हेरीची शिल्पं कशी वाचावीत?

जव्हार-मोखाड्यातील उपासक-उपासिकांनो,

आपला डोंगराळ मुलूख इतिहासात कोपऱ्यात पडलेला, असं पुष्कळांना वाटतं. पण जरा नकाशा बघा. खाली समुद्राकाठी सोपारा आणि डहाणू, वर घाटमाथ्यावर नाशिक, आणि मधे आपण. नाशिकच्या १० नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सोपाऱ्यास धर्मशाळा बांधल्याचं आणि दमण, डहाणू या नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचं त्यात कोरलंय. ही दमण म्हणजे दमणगंगा. आपल्या मोखाड्याची वाघ नदी तिलाच जाऊन मिळते.

सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली खोदला. आत दगडी पेटी होती आणि त्या पेटीत, करंड्याभोवती, ८ लहान धातुमूर्ती. त्यातले ७ गौतमासह होऊन गेलेले बुद्ध, आठवा पुढे येणारा मैत्रेय. अर्थ सरळ आहे : मार्ग जुना आहे आणि तो थांबणारा नाही.

याच सोपारा-कल्याणच्या व्यापाऱ्यांनी बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांना दानं दिली. तिथली ५ व्या-६ व्या शतकातली, म्हणजे मध्ययुग उजाडतानाची शिल्पं नीट बघण्यासारखी आहेत. ३ नंबरच्या चैत्यगृहाच्या ओसरीत सुमारे ७ मीटर उंचीचे दोन उभे बुद्ध आहेत. उजवा हात खाली सोडलेला, तळवा आपल्याकडे उघडा. ही वरदमुद्रा, देणाऱ्याचा हात. ९० नंबरच्या लेण्यात बुद्ध कमळावर बसून दोन्ही हात छातीशी धरून आहेत. ही धम्मचक्र मुद्रा, म्हणजे शिकवणाऱ्याचे हात. कमळ चिखलात उगवतं पण चिखल अंगाला लावून घेत नाही, म्हणून ते आसन.

त्याच लेण्यात अवलोकितेश्वर बोधिसत्त्व उभा आहे, हातात कमळ. दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटी कोरल्यात. कुठं हत्ती अंगावर येतोय, कुठं सिंह, कुठं साप. कुठं आग, कुठं चोर, कुठं बुडती नाव. माणूस हात जोडून हाक मारतोय आणि बोधिसत्त्व धावून येतोय. ४१ नंबरला तर याच बोधिसत्त्वाला अकरा मुखं आहेत.

आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणानं विचारलं, "मग हा देवच झाला की! आम्ही २२ प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आम्ही याला का मानायचं?" प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं की नवसासाठी मानू नका, पण वाचा जरूर. ही संकटं स्वर्ग-नरकातली नव्हेत, वाटेवरची आहेत. जंगल, दरोडा, दर्या पार करणाऱ्या माणसानं आपली भीती इथं दगडात मांडली. आणि अकरा मुखं म्हणजे काय? सगळ्या दिशांचं दुःख दिसावं, एकही दिशा सुटू नये. स्वतः सुटण्याआधी दुसऱ्याला सोडवीन म्हणणारा तो बोधिसत्त्व. बाबासाहेबांनी प्रज्ञेच्या जोडीला करुणा ठेवली, ती हीच.

दिवाळी झाली की आपल्या तालुक्यांतली माणसं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वीटभट्ट्यांवर जगायला जातात. आम्ही गिरणीकामगारही पोटासाठी असेच गाव सोडून निघालो. वाटेवरची भीती आम्हांला कुणी शिकवायला नको. चौकटीतला तो हात जोडलेला माणूस आमचाच वाटतो. मात्र धावून जाणारा दगडातून उतरणार नाही. ते काम विहारात जमणाऱ्या आपणा सर्वांचं आहे.

म्हणून सांगणं इतकंच : मुलांना कान्हेरी-सोपारा दाखवा, पण सहल म्हणून नव्हे. हात, आसन, कमळ ओळखायला शिकवा. कुठं जुनं शिल्प दिसलं तर त्याला शेंदूर नको आणि निळा रंगही नको. खुणा तपासल्याशिवाय ते आपलंच, असंही म्हणू नका. आधी वाचा, मग वंदन करा.

भवतु सब्ब मंगलं!