आंदळकर, गणपतराव : हिंदकेसरी मल्ल आणि मोतीबागेचे वस्ताद

आंदळकर, गणपतराव : (१५ एप्रिल १९३५ – १६ सप्टेंबर २०१८). कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडलेले आणि पुढे त्याच तालमीचे वस्ताद झालेले थोर भारतीय मल्ल. १९६० चे हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्ण व रौप्य पदकांचे मानकरी, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील भारतीय प्रतिनिधी आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी. लाल मातीतली निकाली कुस्ती आणि गादीवरची गुणांची कुस्ती या दोन्हींत त्यांनी यश मिळवले. मैदान सोडल्यावर मल्ल घडवण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. कोल्हापूरच्या कुस्तीत त्यांचे नाव घेताना ‘हिंदकेसरी’ आणि ‘वस्ताद’ या दोन्ही उपाध्या तितक्याच आदराने लावल्या जातात.

जन्म व जडणघडण : आंदळकरांचा जन्म सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातील पुनवत या गावी झाला. वारणा खोऱ्यातल्या या पट्ट्यात कुस्तीचा फड हा गावजत्रेचा मुख्य भाग असे. अंगापिंडाने भरलेला, चपळ पोरगा दिसला की जाणती माणसे त्याला कोल्हापूरला धाडण्याचा सल्ला देत. आंदळकर १९५० च्या सुमारास कोल्हापुरात आले आणि भवानी मंडपाच्या परिसरातील मोतीबाग तालमीत राहून मेहनत करू लागले.

हा काळ कोल्हापूरच्या कुस्तीसाठी मोठ्या बदलाचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय देऊन, उत्तरेतल्या नामांकित मल्लांना बोलावून आणि खासबाग मैदान उभारून कोल्हापूरला कुस्तीची पंढरी केले होते. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले होते. मधोमध आखाडा आणि सभोवती चढत्या बैठका, अशी खासबागची रचना त्यातून सुचली. १९१२ मध्ये हे मैदान सुरू झाले. पण १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारचा आधार संपला. पुढच्या काळात मल्लाच्या खुराकाचा भार त्याच्या घराने, गावाने, तालमीने आणि नंतर सहकारी साखर कारखान्यांनी उचलला. आंदळकर हे या संक्रमणाच्या पिढीचे मल्ल होत.

तालमीचा दिनक्रम कडक असे. पहाटे अंधारात उठून जोर-बैठका, मग हौद्यात उतरून माती खणणे आणि लढत, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद व लिंबू मिसळून ती मऊ ठेवली जाई. दूध, तूप आणि बदामाची थंडाई हा खुराक. अशा शिस्तीत आंदळकरांचे शरीर आणि डाव दोन्ही तयार झाले. त्यांच्या मल्लजीवनाचा कणा हीच मेहनत होती.

मातीवरची कारकीर्द : मातीतली कुस्ती वेळेच्या बंधनाशिवाय चाले. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की निकाल लागे. दम, ताकद आणि सबुरी यांची त्यात कसोटी लागे. या प्रकारात आंदळकरांनी महाराष्ट्र, कर्नाटक आणि पंजाबच्या नामवंत मल्लांशी झुंजी केल्या. पाकिस्तानातून येणाऱ्या पंजाबी मल्लांशी झालेल्या त्यांच्या कुस्त्यांनीही मैदाने भरत.

१९५९ मध्ये कोल्हापूरच्याच श्रीपती खंचनाळे यांनी हिंदकेसरी किताब आणला होता. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, मुंबईत झालेल्या स्पर्धेत आंदळकरांनी पंजाबच्या खडकसिंगाला हरवून हा किताब आणि मानाची गदा जिंकली. लागोपाठ दोन वर्षे देशातला हा सर्वोच्च मान कोल्हापूरच्या तालमींकडे आला. दरबारचा आश्रय गेला तरी तालमींचा कस टिकून आहे, हे या दोन विजयांनी सिद्ध झाले.

गादीवरची कारकीर्द : सातारा जिल्ह्याच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून गादीवरच्या कुस्तीची वाट दाखवली होती. त्यांची जडणघडणही कोल्हापुरातच, राजाराम महाविद्यालयात शिकताना झाली होती. तरीही मातीतल्या बहुतेक मल्लांना गादी परकी वाटे. तिथे वेळेची मर्यादा असते आणि प्रत्येक पकडीला गुण मिळतात. आखाड्याबाहेर गेल्यास पंच कुस्ती पुन्हा मध्यावर आणतात. तासभर झुंजून प्रतिस्पर्ध्याचा दम काढण्याची मातीतली रीत तिथे उपयोगी पडत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर १९६२ मध्ये इंडोनेशियातील जकार्ता येथे चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. आंदळकर सर्वांत वजनदार गटात, ९७ किलोवरील गटात, मुक्तशैली आणि ग्रीको-रोमन या दोन्ही प्रकारांत उतरले. मुक्तशैलीत त्यांना रौप्य आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्णपदक मिळाले. या सुवर्णाचे मोल वेगळे आहे. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड करण्यास आणि डावात पायांचा वापर करण्यास मनाई असते. पट काढणे, ढाक, कलाजंग, टांग असे मातीतल्या मल्लाचे हुकमी डाव एकतर बाद होतात किंवा अपुरे पडतात. उरते ती छाती, खांदे आणि हातांची ताकद व तोल. मातीत घडलेल्या मल्लाने आपली अर्धी हत्यारे बाजूला ठेवून आशियाचे सुवर्ण जिंकले, यातून त्यांच्या शरीरबळाइतकीच त्यांची शिकण्याची तयारी दिसते.

याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी ९७ किलो गटात मुक्तशैलीचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य मिळवले. दोन वजनी गटांतील दोन सुवर्ण आणि दोन रौप्य पदके एका जिल्ह्यात जन्मलेल्या दोन मल्लांनी आणली. दक्षिण महाराष्ट्राच्या कुस्तीच्या इतिहासातील हा अत्यंत अभिमानाचा प्रसंग होय.

१९६४ मध्ये आंदळकर टोकियो ऑलिंपिकमध्ये जड वजनी गटात खेळले. त्या गटातील मुक्तशैलीचे सुवर्ण सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र इवानित्स्कीने घेतले. सोव्हिएत संघात मल्लाच्या मागे क्रीडाविज्ञान, वैद्यक आणि वर्षभराची प्रशिक्षण शिबिरे उभी असत. आपल्या मल्लाला गादीचा पुरेसा सरावही मिळत नसे. या तफावतीत ऑलिंपिकपर्यंत मजल मारणे हीच मोठी कमाई होती. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना अर्जुन पुरस्कार देऊन गौरवले.

वस्तादपद : स्पर्धा थांबल्यावर आंदळकर मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले. त्यांच्या आयुष्याचा हा भाग पदकांच्या यादीत मावत नाही. त्यांचे मोठेपण मात्र त्यानेच पूर्ण होते.

वस्ताद केवळ डाव शिकवत नाही. पोराची चण पाहून त्याला कोणता डाव शोभेल, त्याची जोड कोणाशी लावावी आणि मैदानात कधी उतरवावे, हे तोच ठरवतो. चुकीची जोड लागली तर उमदा पोरगा कायमचा खचतो, हे त्याला ठाऊक असते. पोराचा खुराक, झोप, संगत आणि घरच्या अडचणी यांवरही त्याची नजर असते. या कामाला ठरावीक पगार नसे आणि प्रमाणपत्रही लागत नसे. पट्ठ्याने जिंकलेली कुस्ती हीच वस्तादाची पावती.

खेळाडूने पुढे प्रशिक्षक होण्याची परंपरा जगभर आहे. स्पेनच्या बार्सिलोना फुटबॉल क्लबने १९७९ मध्ये ला मासिया या जुन्या शेतघरात दूरगावच्या मुलांची राहण्याची सोय केली. तिथे वाढलेला पेप ग्वार्दिओला क्लबकडून युरोपियन चषक जिंकला आणि २००८ मध्ये त्याच क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला. लहान वयात घर सोडून एका छताखाली राहणे, तिथेच घडणे आणि मोठेपणी तिथल्याच मुलांना घडवणे, ही रीत कोल्हापूरच्या तालमींनी त्याआधी कित्येक दशके जपली होती. फरक इतकाच की युरोपातल्या प्रशिक्षकामागे परवाना, करार आणि मोठी आर्थिक यंत्रणा असते. वस्तादामागे शिष्यांची निष्ठा आणि गावाचा विश्वास एवढेच असते.

शिष्यपरंपरा : आंदळकरांच्या शिष्यांत दादू चौगुले यांचे नाव अग्रभागी आहे. राधानगरी तालुक्यातून आलेल्या चौगुले यांनी १९७० व १९७१ अशी सलग दोन वर्षे महाराष्ट्र केसरी किताब जिंकला. रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांनी मिळवला. १९७४ मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत १०० किलोवरील गटात त्यांनी रौप्यपदक पटकावले. गुरूप्रमाणेच माती आणि गादी या दोन्हींवर त्यांनी नाव कमावले आणि पुढे तेही तालमीत मुले घडवू लागले. त्यांचे पुत्र विनोद चौगुले हेही महाराष्ट्र केसरी झाले. सीमाभागातून आलेले, १९६७ व १९६८ चे महाराष्ट्र केसरी चंबा मुत्नाळ यांनाही आंदळकरांचे मार्गदर्शन लाभले.

२५ सप्टेंबर २०१८ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते दादू चौगुले यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. आंदळकरांचे पुण्यात निधन होऊन तेव्हा अवघे नऊ दिवस झाले होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, चौगुलेही गेले.

मुरगूड व कागल परिसर : वस्ताद-पट्ठा परंपरेचा आजचा विस्तार पाहायचा तर कागल तालुक्यातील मुरगूडकडे पाहावे लागते. वेदगंगेकाठचे हे गाव निपाणी-राधानगरी रस्त्यावर आहे. येथील सदाशिवराव मंडलिक कुस्ती संकुलात मुली गादीवर सराव करतात. नंदिनी साळोखे, स्वाती शिंदे यांसारख्या मल्ल या संकुलाने राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोहोचवल्या. ज्या तालमींच्या उंबऱ्याच्या आत पूर्वी बाईमाणसाने पाऊल टाकायचे नाही असा दंडक होता, त्याच तालमींच्या जिल्ह्यात हा पालट घडला. त्यासाठी आईवडिलांनी मुलींना घराबाहेर ठेवण्याचे धाडस केले आणि गावाने तो बदल स्वीकारला.

महिलांच्या कुस्तीला २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. २०२३ मध्ये सांगली येथे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीची प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. कागलच्या छत्रपती शाहू सहकारी साखर कारखान्याने भरवलेल्या गादीवरच्या स्पर्धांनी या भागातील कोवळ्या वयाच्या मल्लांना नियमांची ओळख लवकर करून दिली. आंदळकरांच्या पिढीला तारुण्यात परकी वाटलेली गादी आता शाळकरी वयातच मुलामुलींच्या पायाखाली येते.

सन्मान व मूल्यमापन : अर्जुन पुरस्काराशिवाय महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार आंदळकरांना मिळाला. हिंदकेसरीची गदा आणि जकार्ताची पदके हे त्यांच्या कीर्तीचे ठळक आधार आहेत. परंतु कुस्तीच्या इतिहासात त्यांचे स्थान ठरते ते त्यांनी केलेल्या सांधणीमुळे. मातीत मुरलेला मल्ल गादीवरही आशियात पहिला येऊ शकतो, हे त्यांनी स्वतः लढून दाखवले. संस्थानी आश्रय संपल्यावर तालमी ओस पडतील अशी भीती असताना त्यांनी मोतीबाग सोडली नाही आणि पुढची पिढी उभी केली.

आज मल्लांसाठी सरकारी नोकऱ्या, आधुनिक संकुले आणि परदेशी प्रशिक्षण यांच्या वाटा खुल्या झाल्या आहेत. त्या हव्यातच. मात्र पोराची चण ओळखणारा, त्याच्या पराभवाच्या दिवशी त्याच्याजवळ बसणारा आणि स्वतःच्या नावापेक्षा पट्ठ्याचे नाव मोठे व्हावे असे वाटणारा वस्ताद कोणत्याही योजनेतून आपोआप मिळत नाही. स्वतः शिखर गाठलेल्या माणसाने परत हौद्यात उतरून दुसऱ्याला खांदा द्यावा लागतो. गणपतराव आंदळकरांनी ते केले, म्हणून महाराष्ट्राच्या कुस्तीत मल्लाइतकाच वस्ताद म्हणूनही त्यांचा अधिकार मोठा आहे.