तांब्याच्या डब्यांतले नातलग

बहुतेक घराण्यांच्या वंशावळीत एखादं नाव अर्ध्यावर थांबलेलं असतं. वडीलधाऱ्यांना विचारलं, तर 'तो लवकर गेला' एवढंच उत्तर मिळतं. कधीकधी तो गेलेला नसतोच. त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेलं असतं आणि घरानं त्याचं नाव टाकलेलं असतं.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, सेलम शहरात १८८३ साली असं एक सरकारी इस्पितळ सुरू झालं. 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' या १९७५ च्या गाजलेल्या चित्रपटाचं चित्रीकरण इथलंच. वारस न आलेल्या मृतांचं इथे दहन होई आणि रक्षा तांब्याच्या डब्यात भरून ठेवली जाई. डब्यावर एक क्रमांक असे. ही रीत १९७० च्या दशकापर्यंत चालली. मधल्या काळात डबे तळघरात ठेवले होते, तिथे पाणी शिरलं आणि तांब्यावर हिरवे-निळे थर चढले.

२००४ साली पाहणीला गेलेल्या आमदारांना एका खोलीत असे सुमारे साडेतीन हजार डबे दिसले. राज्यभर खळबळ उडाली. 'द ओरेगोनियन' या दैनिकानं इस्पितळाच्या दुरवस्थेवर अग्रलेखांची मालिका लिहिली. तिला २००६ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

पण डब्यातला माणूस कोणाचा, हे कसं ठरवायचं? क्रमांक जुन्या नोंदवह्यांशी ताडून नावं काढण्यात आली आणि यादी प्रसिद्ध झाली. इथे एक पेच होता. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा नियम त्याच्या भल्यासाठीच होता. पण माणूस गेल्यावर तोच नियम नातलगांच्या वाटेत आडवा येई.

शोध घेणाऱ्यांना दुसरा आधार जनगणनेचा. अमेरिकेत जनगणनेची मूळ पानं ७२ वर्षांनी खुली होतात; १९५० ची २०२२ साली झाली. इस्पितळात राहणाऱ्यांची गणना इस्पितळाच्याच पानावर होते. त्यामुळे घरच्या पानावरून नाहीसा झालेला काका किंवा आजी दहा वर्षांनंतरच्या नोंदीत तिथे सापडू शकते.

२०१४ साली इस्पितळाच्या आवारात स्मारक उभं राहिलं. त्याआधी आणि त्यानंतर मिळून शेकडो कुटुंबांनी आपल्या माणसाची रक्षा घरी नेली. बाकीचे अजून वाट पाहत आहेत.

आपल्याकडे ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. इथेही घरच्यांनी पाठ फिरवलेली माणसं आहेत. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानी यांची कर्जतची संस्था करते. त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सेलममध्ये नातलग पोचले, तेव्हा हाती रक्षाच उरली होती. इथे माणूस जिवंत असताना त्याच्या घराचा पत्ता लागतो.

आपल्या घरातल्या त्या अर्धवट नावाबद्दल विचारायचं असेल, तर सांगणारी माणसं हयात आहेत तोवरच विचारायला हवं.