बिळात उतरणारे कुत्रे आणि बागेतली माती

बागेतील माती उकरणाऱ्या कुत्र्याला आवरावे कसे, हा प्रश्न आज अनेक घरांत पडतो. परंतु टेरियर आणि डाक्सहुंड या कुळांपुरते पाहिले, तर ज्या सवयीवर आता इलाज शोधला जातो, तीच पश्चिम युरोपातील शिकाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवड करून मुद्दाम पक्की केली होती. झाक द्यु फुयू या फ्रेंच लेखकाचा शिकारीवरील ग्रंथ १५६१ मध्ये प्रसिद्ध झाला. खोकड आणि बॅजर (जमिनीखाली बिळांचे लांबलचक जाळे खणून राहणारा, दणकट नख्यांचा प्राणी) यांच्या बिळात आखूड पायांचे कुत्रे सोडण्याची रीत आणि त्यासाठी लागणारी खणण्याची अवजारे यांचे वर्णन त्यात आढळते. इंग्लंडमधील वैद्य जॉन कीझ यांनीही १५७० मधील आपल्या लॅटिन पुस्तिकेत अशा कुत्र्यांची वेगळी जात नोंदवली आहे.

या कुत्र्याकडून सहसा प्राण्याला ठार मारण्याची अपेक्षा नसे. त्याने बिळाच्या टोकाशी प्राण्याला थोपवून अखंड भुंकत राहावे आणि त्या आवाजाच्या रोखाने माणसांनी वरून खणत यावे, अशी कामाची विभागणी होती. वाटेत माती ढासळली तर ती पंजांनी मागे सारून पुढे घुसण्याचे काम मात्र कुत्र्याचेच असे. धन्याचा हात किंवा हुकूम पोहोचत नाही अशा काळोखात स्वतःच्या बुद्धीने वागणारा आणि माघार न घेणारा कुत्राच उपयोगी ठरे, म्हणून पिल्ले त्याच्यापासून घेतली जात. शरीरही तसेच घडत गेले. पार्सन रसेल टेरियरची छाती पुढच्या पायांमागून दोन्ही हातांच्या कवेत मावते की नाही, हे प्रदर्शनातील परीक्षक आजही चाचपून पाहतात, कारण खोकडाच्या अरुंद बिळात शिरता येणे हीच त्या जातीची मूळ कसोटी होती. ज्यांच्या नावावरून ही जात ओळखली जाते ते जॉन रसेल (१७९५–१८८३) डेव्हन परगण्यातील स्विमब्रिज गावचे धर्मगुरू होते आणि १८७३ मध्ये स्थापन झालेल्या केनेल क्लबचे आरंभीचे सभासद होते.

पुढे या कुत्र्याचे काम आणि त्याच्या पायाखालची जमीन, दोन्ही बदलत गेले. एडविन बडिंग यांनी ग्लॉस्टरशरमध्ये बनवलेल्या गवत कापण्याच्या यंत्राला १८३० मध्ये पेटंट मिळाले आणि विळ्याने गवत कापणारे नोकर बाळगू न शकणाऱ्या मध्यमवर्गालाही हळूहळू घरापुढे सपाट हिरवळ राखता येऊ लागली. त्याच दशकात, १८३५ मध्ये, बॅजरवर कुत्रे सोडून झुंज लावण्याच्या खेळावर ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी आली. बॅजरला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा तर १९७३ मध्ये झाला. शिकारीचा कुत्रा असा क्रमाक्रमाने घरातला सोबती बनला, परंतु त्याची उपजत ओढ कायम राहिली, आणि एके काळी ज्या गुणासाठी त्याची किंमत होत असे त्याच गुणासाठी त्याला शिक्षा होऊ लागली. विल्यम कोलर यांच्या १९६२ मधील प्रशिक्षणविषयक पुस्तकात, कुत्र्याने केलेला खड्डा पाण्याने भरून त्यात त्याचे तोंड बुडवण्याचा उपाय सुचवला होता. हा उपाय क्रूर तर होताच, शिवाय व्यर्थही होता, कारण उकरण्यामागचे कारण त्याने तसेच राहते.

कारण ओळखणे हीच खरी पहिली पायरी आहे. उन्हाळ्यात पोटाखाली गार माती यावी म्हणून, उरलेले हाड लपवण्यासाठी, घुशी-उंदरांच्या वासाने, किंवा दिवसभर एकटे राहून आलेल्या कंटाळ्यापायी कुत्रा उकरतो, आणि प्रत्येक वेळी उपाय निराळा लागतो. उकरण्यामागे शिकारीची उपजत ओढ असेल, तर ती दाबण्याऐवजी तिला योग्य वाट करून देणे बरे. अमेरिकेत १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन वर्किंग टेरियर असोसिएशनने जमिनीत कृत्रिम बोगदे पुरून, टोकाशी सुरक्षित पिंजऱ्यात उंदीर ठेवून चाचण्या सुरू केल्या. अमेरिकन केनेल क्लबने १९९४ पासून घेतलेल्या अशाच चाचण्यांत बोगद्याची रुंदी आणि उंची प्रत्येकी ९ इंच असते. घरगुती बागेत याच तत्त्वावर कुत्र्यासाठी वाळूमिश्रित भुसभुशीत मातीचा वेगळा खड्डा राखतात, त्यात सुरुवातीला खेळणी वा खाऊ अर्धवट पुरून ठेवतात, तिथे उकरल्यावर शाबासकी देतात आणि वाफ्यांकडे वळल्यास न रागावता त्याला खड्ड्याकडे आणतात. खड्डा सावलीत असावा आणि पुरलेल्या वस्तू अधूनमधून बदलाव्यात, अन्यथा कुत्रा पुन्हा वाफ्यांकडे वळतो.