काडतुसातला कागद

एका अमेरिकन वेस्टर्न कादंबरीचा अनुवाद करताना मी एका साध्या प्रसंगापाशी अडकले. बायसनचा शिकारी रात्री शेकोटीपाशी बसून शिसे वितळवतो, गोळ्या ओततो आणि दिवसा झाडलेली काडतुसे पुन्हा भरतो. 'पुन्हा भरतो' एवढ्यावर भागेना. ठासणीची बंदूक मराठी वाचकाला ठाऊक आहे. काडतूस मात्र एकदा उडाले की संपले, असाच आपला समज.

तसे ते संपत नाही. उडते ती गोळी आणि जळते ती दारू. पितळेची पुंगळी मागे उरते. तिच्या बुडाची टिकली बदलली, नवी दारू आणि नवी गोळी बसवली, की काडतूस पुन्हा तयार. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे लाकडाचा जाळही पुरतो. साचा नीट भरावा आणि गोळी थोडी कठीण व्हावी म्हणून त्यात कथील मिसळत. वर मेण किंवा चरबी चोपडत, म्हणजे नळीत शिसे चिकटत नसे आणि काळ्या दारूची काजळी मऊ राही.

टिकलीची कथा अनुवादकाला आवडावी अशीच आहे. एक टिकली शोधली इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सरने, दुसरी अमेरिकन हायरम बर्डनने. दोन्ही 1860च्या दशकातल्या. अमेरिकेने पुढे इंग्रजाची स्वीकारली आणि युरोपात रुजली ती अमेरिकनाची. बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एकच छिद्र असल्याने जुनी टिकली आतून सळईने ढकलून काढता येते. घरच्या घरी काडतुसे भरण्याची चाल अमेरिकेत टिकली, त्यामागे या एका छिद्राचाही वाटा आहे.

दुसरे कारण अंतराचे. 1870च्या दशकात मैदानी प्रदेशातल्या शिकाऱ्याला दुकान दूर होते. शिसे आणि दारू घाऊक घेऊन काडतुसे स्वतः भरणे स्वस्त पडे. 1884पासून न्यू हेवनच्या जॉन बार्लोची 'आयडियल' कंपनी यासाठी सांडशीसारखी हत्यारे विकू लागली. पण तोवर शिकारच सरत आली होती. कोट्यवधी बायसनांपैकी 1889मध्ये विल्यम हॉर्नडेच्या मोजणीत साऱ्या खंडात हजारभरच उरले होते. त्यांच्याबरोबर कोमांची, कायोवा, शायान लोकांचे अन्न, वस्त्र आणि निवाराही गेला. शेकोटीवरच्या त्या काटकसरीचा हिशोब असा दुसऱ्यांच्या नावे मांडला गेला.

आज तीच शेकोटी खेळ झाली आहे. 1980च्या दशकात कॅलिफोर्नियात 'काउबॉय अॅक्शन शूटिंग' सुरू झाले. 1987मध्ये त्याची सिंगल अॅक्शन शूटिंग सोसायटी स्थापन झाली. जुन्या घडणीच्या बंदुका, त्या काळचा वेश आणि प्रत्येकाला एक टोपणनाव. नेम पोलादी पाट्यांवर धरायचा, म्हणून गोळी शिशाची आणि बेताच्या वेगाची. बरेच जण ती स्वतः ओततात. त्यांचे कसब खरे आहे, जुन्या वस्तूंवरचा जीवही खरा. फक्त या खेळात पाटी पडते ती पुन्हा उभी करता येते.

आपल्याकडे याच चरबीचा अर्थ वेगळा झाला. 1857मध्ये एन्फिल्डचे चरबी लावलेले काडतूस दाताने फाडण्यावरून वणवा पेटला. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांचे हे प्रकरण येते. तेव्हाचे काडतूस कागदाचे होते. आपला शब्दही कागदातूनच आला आहे: पोर्तुगीज 'कार्तुशो'वरून, आणि त्याच्या मुळाशी इटालियन कागदाची सुरळी. पितळ आले, कागद गेला, शब्द राहिला.

शेवटी मी लिहिले, 'त्याने रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरल्या.' तळटीप दिली नाही. पण 'रिकाम्या' हा शब्द मूळ वाक्यात नव्हता, तो मी घातला. सकाळी त्या रिकाम्या कशाने झाल्या, हे वाचकाने विसरू नये म्हणून.